पाटीवरचं साल आणि शिक्क्यावरचं साल : गावच्या वाचनालयाचा इतिहास कशावरून लिहायचा?

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयाचं हे शतकोत्तर रौप्यमहोत्सवी वर्ष. स्मरणिकेसाठी संस्थेचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं आहे. दारावरच्या पाटीवर ‘स्थापना १९०१’ असं आहे. पण मागच्या कपाटात ‘नेटिव्ह लायब्ररी, १८८७’ असा गोल शिक्का असलेली सात-आठ पुस्तकं निघाली. इतिवृत्तं १९५३ पासूनचीच आहेत. कुठलं साल खरं धरायचं? आणि आधीची इतिवृत्तं नसताना आधीचा इतिहास लिहायचा तरी कशावरून?

उत्तर :

पाटी बदलायची घाई करू नका आणि शिक्का बाजूलाही ठेवू नका. दोन्ही सालं खरी असण्याची शक्यता बरीच आहे. मी तीस वर्षं कोकणातल्या एका तालुक्याच्या वाचनालयात ग्रंथपाल होते. निवृत्तीनंतर आजूबाजूच्या चार-पाच वाचनालयांच्या स्मरणिकांना हातभार लावला. त्यांतल्या एकाही ठिकाणी स्थापनेचं साल सरळ, एकच असं निघालं नाही.

याचं कारण आपली वाचनालयं जन्मली कशी, यात आहे. रत्नागिरीचं वाचनालय १८२८ सालचं, अहमदनगरचं १८३८, नाशिकचं १८४०, पुण्याचं १८४८ (त्यात लोकहितवादींचा पुढाकार होता), कोल्हापूरचं १८५०. ही जिल्ह्याची किंवा संस्थानाची ठिकाणं. मग हे लोण लहान गावांकडे आलं; चिपळूण आणि कल्याण ही दोन्ही १८६४ ची. ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ हे त्या काळातलं ठरीव नाव. पुण्याचं तेच होतं, चिपळूणचंही तेच. त्यामुळे तुमच्या शिक्क्यावरचा ‘नेटिव्ह’ हा शब्द एकोणिसाव्या शतकाचीच खूण आहे. विसाव्या शतकात नव्याने निघालेल्या संस्थेने ते नाव घेतलं असतं, असं मला वाटत नाही.

पण अशी वाचनालयं काढणारी माणसं बहुतेक सरकारी नोकरीतली. मुन्सफ, मामलेदार, हेडमास्तर, शाळाखात्यातले डेप्युटी. जोडीला गावातला एखादा वकील, एखादा व्यापारी. मामलेदाराची बदली झाली की वर्गणी थकायची, वर्तमानपत्रं बंद व्हायची, आणि पुस्तकांच्या दोन पेट्या शाळेत नाहीतर कुणाच्या तरी माडीवर जाऊन पडायच्या. दहा-पंधरा वर्षांनी गावात पुन्हा कुणाला तरी उमेद यायची. तो पेट्या खाली उतरवायचा, नवी सभा भरवायचा, नवं नाव द्यायचा आणि नवं साल लावायचा. जुन्या पुस्तकांवर जुना शिक्का तसाच राहायचा.

तुमच्या दोन सालांकडे पाहून आणखी एक सुचतं. १८८७ हे व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीचं सुवर्णमहोत्सवी वर्ष. त्या निमित्ताने वर्गण्या जमवून ठिकठिकाणी सार्वजनिक कामं उभी राहिली. आणि राणी वारली जानेवारी १९०१ मध्ये. तिच्या स्मारकासाठीही निधी जमले. म्हणजे १८८७ ला काढलेलं वाचनालय मध्ये बंद पडून १९०१ ला स्मारकनिधीतून पुन्हा उभं राहिलं, असं घडलेलं असू शकतं. हा तर्क आहे, पुरावा नव्हे. पण कुठे शोधायचं ते तर्कावरून कळतं.

म्हणून ‘स्थापना’ या एका शब्दाखाली काय काय दडलेलं असतं ते वेगळं काढा. पहिली सभा कधी झाली, बंद पडून पुन्हा कधी उघडलं, इमारत कधी झाली, नोंदणी कधी झाली, सरकारी मान्यता कधी मिळाली. या पाचही घटनांची सालं पाच वेगवेगळी असतात. दगडी कोनशिला असेल तर ती इमारतीची असते, संस्थेची नव्हे. ही चूक मी स्वतः दोन स्मरणिकांत छापलेली पाहिली आहे. कोनशिलेवर शक असेल तर तो इसवी सनात आणताना जपा. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तिथीला शकात ७८ मिळवायचे, जानेवारीपासून फाल्गुनापर्यंत ७९. शके १७८६ च्या आषाढात १८६४ साल असतं, पण त्याच शकाच्या फाल्गुनात १८६५ उजाडलेलं असतं. शेजारी संवत्सराचं नाव कोरलेलं असलं तर उत्तमच, कारण तो आकडा तपासायला दुसरा साक्षीदार मिळतो. शके १७८६ ला रक्ताक्षी संवत्सर होतं. दगडावर दुसरंच नाव दिसलं तर अंक वाचण्यात चूक झाली आहे असं समजा. झिजलेल्या दगडात ६ आणि ९ सहज फसवतात. (मराठवाड्यातल्या वाचनालयांसाठी शोधत असाल तर निजामाच्या राज्यातली फसली सालंही येतील. त्यांत ५९० मिळवायचे, आणि फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुमारास बदलायचं हे ध्यानात ठेवायचं.)

आता इतिवृत्तं १९५३ पासूनचीच का, याचा विचार करा. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आला १९५० मध्ये. त्यानंतरच्या दोन-चार वर्षांत सगळ्या जुन्या संस्थांची नोंदणी करून घेण्याची धावपळ झाली. नोंदणीसाठी जुने कागद दाखवावे लागले, ते कार्यवाहांनी वकिलाकडे नेले, नोंदणी झाली, आणि संस्थेने नव्या कोऱ्या वहीत कारभार सुरू केला. जुन्या वह्या वकिलाकडेच राहिल्या. आमच्याकडे नेमकं हेच झालं होतं. १९१० ते १९४८ ची इतिवृत्तं एका वकिलांच्या वाड्यातल्या फडताळात, कुळकायद्याच्या दाव्यांच्या गठ्ठ्यांखाली होती. वाडा पाडायला काढला तेव्हा त्यांच्या सूनबाई त्या वह्या पिशवीत घालून वाचनालयात घेऊन आल्या. “रद्दीत घालणार होते, पण वर वाचनालयाचं नाव दिसलं,” म्हणाल्या. तेव्हा १९५२-५३ साली तुमच्या संस्थेचे कार्यवाह कोण होते आणि वकील कोण होते ते काढा, आणि त्यांच्या घरी जा. फोन करू नका, प्रत्यक्ष जा. घरातल्या मोठ्या बाईंशी बोला. माळ्यावर आणि फडताळात काय आहे ते बहुतेक त्यांनाच ठाऊक असतं.

दुसरीकडे धर्मादाय कार्यालयात अर्ज करून संस्थेच्या नोंदणीचा उतारा आणि मूळ नोंदणी अर्जाची नक्कल मागा. तेव्हाच्या विश्वस्तांनी स्थापना कधीची सांगितली होती, कुठली मालमत्ता दाखवली होती, हे त्यात असतं. नगरपालिकेचे जुने ठराव पाहा. वाचनालयाला सालीना पाच-पंचवीस रुपये मंजूर केल्याचे ठराव तिथे सापडतात, आणि पहिल्या ठरावाची तारीख फार मोलाची असते. कॅम्बेलच्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये (इंग्रज सरकारने छापलेल्या जिल्हावार माहितीग्रंथांत) प्रत्येक जिल्ह्याच्या खंडात शिक्षणाच्या प्रकरणात वाचनालयांची माहिती दिलेली आहे. रत्नागिरीचा खंड १८८० चा, ठाण्याचा १८८२, नाशिकचा १८८३, पुणे आणि सातारा १८८५. हे सगळे खंड १८८७ च्या आधीचे. म्हणजे तुमच्या गावच्या वाचनालयाचा उल्लेख त्यांत निघाला, तर तुमचा शिक्कासुद्धा दुसऱ्या जन्माचा ठरेल! नाही निघाला तर १८८७ ला बळ मिळेल, इतकंच. गॅझेटियरमध्ये नाही म्हणजे गावात नव्हतंच असं होत नाही.

जुने कागद मोडीत असतील तर घाबरू नका. विसाव्या शतकात बरंच पुढे येईपर्यंत जमाखर्च मोडीतच ठेवणारे कारकून होते. पुराभिलेख खात्याच्या मोडी वर्गांतून शिकून तयार झालेली मंडळी आता जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत, आणि वाचनालयाचं काम म्हटल्यावर ती आनंदाने येतात.

इथवर झाला साल शोधण्याचा भाग. पण स्मरणिकेतला इतिहास साल आणि अध्यक्षांच्या यादीवर संपतो, याचं मला फार वाईट वाटतं. कोण अध्यक्ष होते, कोणी किती देणगी दिली, कोणत्या पाहुण्यांच्या हस्ते काय झालं, एवढं लिहून आपण थांबतो. वाचनालयाचा इतिहास म्हणजे तिथे काय वाचलं गेलं, कोणी वाचलं आणि कुणाला वाचता आलं नाही, याचा इतिहास. आणि तो दोन वह्यांत आहे : आलेलं प्रत्येक पुस्तक जिच्यात टिपतात ती दाखल नोंदवही, आणि कोणी कोणतं पुस्तक नेलं ते सांगणारी देवघेवीची वही.

दाखल नोंदवहीची सगळ्यांत जुनी वही काढा. टेबलावर स्वच्छ धुतलेलं धोतर किंवा चादर अंथरा, वही तिच्यावर ठेवा, आणि पानं वरच्या कोपऱ्यातून उलटा. थुंकी लावू नका. जुनी शाई आणि कागद दोन्ही त्याने जातात. रकाने साधे असतात : दाखल क्रमांक, तारीख, ग्रंथकार, ग्रंथनाम, किंमत, कोणाकडून आलं, शेरा. यातला पहिला सगळे वाचतात आणि शेवटचा कोणीच वाचत नाही. ‘गहाळ’, ‘जीर्ण’, ‘बाद’, ‘निर्लेखित’ हे शेरे ज्या पुस्तकांपुढे दाट आहेत ती पुस्तकं वाचून वाचून संपली. ज्यांच्यापुढे काहीच नाही आणि जी आजही कपाटात ताठ उभी आहेत, ती कोणी फारशी उघडली नाहीत. आमच्या वहीत नाटकांची आणि कादंबऱ्यांची पानंच्या पानं ‘जीर्ण’ शेऱ्यांनी भरलेली होती, तर एका अधिकाऱ्याने भेट दिलेले इंग्रजी कायद्याचे बत्तीस खंड कोरे करकरीत. गावाला काय हवं होतं ते मला त्या शेऱ्यांनी सांगितलं.

किमतीचा रकानाही बोलतो. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले. त्याआधीच्या नोंदी रुपये-आणे-पैत असायला हव्यात. तुमच्या वहीत १९३० सालच्या पुस्तकाची किंमत नव्या पैशांत लिहिलेली दिसली, तर ती वही नंतर उतरवून काढलेली आहे, मूळ नाही. असं बऱ्याच ठिकाणी झालं आहे, कारण महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ मध्ये झाला, आणि मान्यता व अनुदान मिळवण्यासाठी दप्तर नमुन्याप्रमाणे ठेवणं आलं. तपासणीच्या आधी रात्र रात्र बसून पुस्तकांना नवे क्रमांक दिले गेले. अशा वेळी पुस्तकाचं पहिलं पान बघा. नव्या क्रमांकाच्या खाली खोडलेला जुना क्रमांक असतो. तो टिपून घ्या. शंभरेक पुस्तकांचे जुने क्रमांक जमले की हरवलेल्या वहीचा सांगाडा पुन्हा उभा राहतो. हे काम मी दोन उन्हाळ्यांत केलं, नववीतल्या तीन मुलींना सोबत घेऊन. त्यांनी १ ते ४०० पैकी दीडशेच्या वर क्रमांक शोधून काढले.

नियतकालिकांकडे विशेष लक्ष द्या. गावात वाचनालय ही मुळात वर्तमानपत्रं वाचायची जागा होती. पुस्तकं बाहेर न्यायला मिळायला लागली ती पुष्कळ ठिकाणी मागाहून. ‘ज्ञानप्रकाश’ घेत होते की ‘केसरी’, की दोन्ही. एखादं बंद केलं असेल तर कुठल्या साली आणि सभेत त्यावर काय झालं. यातून गावाचं राजकारण कळतं. मासिकांतून घरं कळतात. ‘स्त्री’ मासिक १९३० साली निघालं. तुमच्या वाचनालयाने ते कधीपासून घेतलं हे वर्गणीच्या पावत्यांत सापडलं, तर त्या साली पुस्तकं कुठवर पोचत होती ते समजेल.

कारण बायका सभासदांच्या यादीत दिसत नाहीत. आमच्या वहीत १९४६ पर्यंत एकाही बाईचं नाव नव्हतं. पण देवघेवीच्या वहीत एका पोस्टमास्तरांच्या नावावर आठवड्याला तीन कादंबऱ्या जात होत्या, आणि शेजारी बारीक अक्षरात ‘हस्ते शिपाई, घरी’ असं होतं. पोस्टमास्तर आठवड्याला तीन कादंबऱ्या वाचत असतील का? असतीलही. पण त्यांची नात मला भेटली, तेव्हा म्हणाली की आजीच्या उशाशी नेहमी वाचनालयाचं पुस्तक असे आणि आजोबा फक्त वर्तमानपत्र वाचत. अशी दोन घरं मिळाली तरी स्मरणिकेत एक पूर्ण पान त्यांना द्या. अध्यक्षांचे फोटो एका पानात बसवता येतात.

आणि दुसरा प्रश्न, जो कार्यकारी मंडळाला अवघड वाटेल, तरी विचारा. गावातल्या दलित वस्तीतला पहिला सभासद कोण आणि कोणत्या साली? ‘सार्वजनिक’ हा शब्द पाटीवर होता म्हणून दार सगळ्यांना उघडं होतं असं नाही. १९२३ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात बोले ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या करण्याचा. महाड नगरपालिकेने तो मानून तळं खुलं केल्याचं जाहीर केलं, तरीही १९२७ ला सत्याग्रह करावाच लागला. मग सवर्ण वर्गणीदारांच्या वाचनालयात काय परिस्थिती असेल? आमच्या गावातल्या एका निवृत्त शिक्षकांनी मला सांगितलं होतं, लहानपणी ते वाचनालयाच्या खिडकीखालच्या कट्ट्याजवळ उभे राहून आतला माणूस मोठ्याने वाचायचा ते ऐकायचे. पान उलटल्याचा आवाज आला की आता नवी बातमी, हे त्यांना कळायचं. ते सभासद झाले १९५८ साली, स्वतःच्या पहिल्या पगारातून अनामत भरून. त्यांचा सभासद क्रमांक त्यांना शेवटपर्यंत पाठ होता. हा मजकूर स्मरणिकेत घ्यावा की नाही यावर आमच्याकडे दोन सभा झाल्या, आणि शेवटी तो छापला. गुरुजींनी स्मरणिकेच्या दहा प्रती मागून घेतल्या. अशा आठवणी सांगणारी माणसं आता थोडी उरली आहेत. म्हणून हे काम सगळ्यांत आधी करा, कागद नंतरही सापडतील.

अनुदानाचं प्रकरण थोडक्यात लिहा, पण लिहा. आपली वाचनालयं सरकारी नाहीत. लोकांनी चालवलेली आणि सरकारने मदत केलेली आहेत, हे नव्या पिढीला माहीत नसतं. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेतून बोर्डन या ग्रंथपालांना बोलावून राज्यभर मोफत ग्रंथालयांचं जाळं उभारलं. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये ग्रंथालयांचा कायदा केला. मुंबई इलाख्यात सरकारने नेमलेल्या फैजी समितीने १९४० च्या सुमारास ग्रंथालयांचा आराखडा दिला. महाराष्ट्राच्या कायद्याने जिल्हा, तालुका आणि अ, ब, क, ड असे वर्ग लावून अनुदान सुरू केलं, पण ग्रंथालय कर मात्र लावला नाही. त्यामुळे आजही तुमच्या वाचनालयाचा डोलारा वर्गणी, देणग्या आणि हप्त्याने येणाऱ्या अनुदानावर उभा आहे. अनुदान उशिरा आलं त्या महिन्यांत ग्रंथपालाने आणि शिपायाने काय केलं, हे इतिवृत्तात एका ओळीत असतं : ‘सेवकांचे वेतन तूर्त देता आले नाही.’ ती ओळ मुद्दाम उद्धृत करा, आणि त्या सेवकांची नावं लिहा. चाळीस वर्षं रोज सकाळी दार उघडणाऱ्या शिपायाचं नाव बहुतेक स्मरणिकांत नसतं.

‘महाराष्ट्रातलं पहिलं’, ‘कोकणातलं दुसरं’ असं काही लिहायचा आग्रह होईल. नको म्हणून सांगा. वर दिलेली सालं बघता तो मान १८८७ ला मिळणार नाही, १९०१ ला तर नाहीच, आणि त्याची गरजही नाही.

लिहायला बसण्याआधी एक काम मात्र आजच करा. सापडलेल्या प्रत्येक वहीचं पान न पान मोबाइलवर, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता टिपून ठेवा आणि प्रती तीन वेगळ्या घरांत ठेवा. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात (वर सांगितलेलं १८६४ चं तेच हे) २६ जुलै २००५ ला पाणी शिरलं, आणि २२ जुलै २०२१ ला पुन्हा. दीडशे वर्षांची संस्था, आणि दोन्ही वेळा तिने चिखलातून पुस्तकं काढली. तुमचं गाव नदीकाठी असेल तर नोंदवह्या खालच्या मजल्यावर, खालच्या कप्प्यात कधीही ठेवू नका. एखादी वही भिजलीच तर उन्हात टाकू नका, पानं ओढून सुटी करू नका. मध्ये कोरे शोषक कागद घालून पंख्याखाली ठेवा आणि कागद बदलत राहा. दोन दिवसांत वाळणार नाही एवढा गठ्ठा असेल तर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून गोठवून ठेवा, म्हणजे बुरशी थांबते. कोकणात मासळीची शीतगृहं असतात, अशा वेळी ते लोक जागा देतात.

तुमच्या त्या सात-आठ पुस्तकांपुरतं सांगायचं तर प्रत्येकाचं मुद्रणवर्ष आणि शिक्क्याजवळचा दाखल क्रमांक एका कागदावर उतरवून काढा. त्यातलं एकही पुस्तक १८८७ नंतर छापलेलं असेल, तर शिक्क्यावरचं साल हे शिक्का मारल्याचं नसून संस्थेचं आहे, एवढं निश्चित होईल. आणि तीच पुस्तकं १९०१ च्या वहीत पुन्हा पहिल्या पानांवर सापडली, तर त्या दोन पेट्या कुणाच्या माडीवर होत्या ते शोधायला निघा.